काळीवरचं घर

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. बोलताना जे हातवाऱ्यांनी भागलं ते इथे शब्दांत लिहावं लागलं आहे, एवढाच फरक.)



आधी एक कबुली देतो. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. कॉलेजात 'फाउंडेशन' या शब्दाशी माझा संबंध आला तो मायक्रोसॉफ्ट फाउंडेशन क्लासेसपुरता, आणि त्या पेपरातही मी जेमतेमच पास झालो होतो. त्यामुळे कार्यकारिणीने "घराच्या पायावर बोल" म्हटल्यावर बायको मनापासून हसली. समोर दोन-तीन सिव्हिलवाले बसलेले दिसताहेत. माझं काही चुकलं तर त्यांनी इथेच हात वर करावा, नंतर पार्किंगमध्ये जाऊन नको!

मला बोलावण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. २०२३ पासून आपल्यापैकी कोणाच्याही भिंतीला तडा गेला की फोन मला येतो. जणू काही तड्यांचं हेल्पडेस्क मीच चालवतो.

तर ऑगस्ट २०२३. डॅलसचा तो उन्हाळा विसरला नसाल. शंभर डिग्रीच्या वरचे पन्नासाहून जास्त दिवस भोगले आपण. एका सकाळी चहा ठेवताना बघतो तर जेवणाच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून छताकडे गेलेली तिरकी रेघ. मला वाटलं लेकीने पेन्सिलने काढली. नख लावलं तर नख आत गेलं. पुढच्या आठवड्यात बेडरूमचं दार लागेना. बाहेर जाऊन पाहिलं तर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांचा तडा वर चढलेला, आणि जमीन भिंतीपासून सुटलेली. त्या फटीत माझी चार बोटं गेली.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर परभणीला बाबांना सगळं दाखवलं. मला वाटलं होतं काळजी करतील. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "खाली मुरूम किती फुटावर आहे?"

मी म्हटलं, "बाबा, ही अमेरिका आहे. इथे मुरूम-बिरूम नसतो."

"मग घर कशावर बांधलंय?"

मंडळी, सात वर्षं मी त्या घराचे हप्ते भरत होतो. किचनच्या ओट्याचा ग्रॅनाइट कुठला, शाळेचं रेटिंग किती, इंटरनेटचा स्पीड किती, सगळं तोंडपाठ. घर कशावर उभं आहे, ते काही मला सांगता येईना.

बाबांनी हाच प्रश्न का विचारला हे कळायला आधी परभणीला जावं लागेल.

आपल्याकडे गावात जमिनीला दोन नावं असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माझ्या आजोबांचं माळवदाचं घर पांढरीवर होतं. काळीवर घर बांधायचं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. खळं करायचे, गोठा करायचे, राखणीला झोपडी घालायचे, पण घर नाही. पुढे शहरं वाढली, शेतं एन.ए. झाली, त्यात तीस बाय चाळीसचे प्लॉट पडले आणि नोकरदार माणसं काळीवर राहायला आली. आम्हीही त्यांतलेच. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क. १९९४ साली त्यांनी प्लॉटवर घर काढलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

पाया खणताना चार फुटांवरही काळीच होती. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, अजून पाच फूट जाऊ द्या, मुरूम लागंल. काळी लई बेइमान असती." खणणं, दगड, चुरी, सिमेंट, मजुरी मिळून हिशोब अठरा हजारांवर गेला. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चार फुटांवरच बांधा.

पहिल्या पावसात काही झालं नाही. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मागच्या खोलीला तडा गेला. पावसाळ्यात तो मिटला, पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडला. मग दर वर्षी तेच. मे महिन्यात त्यात चार आण्याचं नाणं जायचं, ऑगस्टमध्ये जायचं नाही. आमच्या घरी कालनिर्णय दोन असायची, एक तारखेसाठी आणि दुसरं तड्यासाठी. बाबा त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, आणि आम्हीही विचारायचो नाही.

आता ही काळी असं का वागते? तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटसारखे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक. पाणी आलं की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि कॅट फुगतो. पाणी गेलं की बसतो. म्हणून उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते, पावसात पुन्हा सगळं फुगतं. माती स्वतःच स्वतःला खालीवर करते. शास्त्रज्ञ या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात, त्यातला 'व्हर्ट' म्हणजे उलटणं.

आणि आता गंमत ऐका. डॅलसच्या उत्तरेपासून ऑस्टिनवरून सॅन अँटोनियोकडे जो ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा जातो, तिथली 'ह्यूस्टन ब्लॅक' ही माती याच व्हर्टिसॉल कुळातली. आपली दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली, इथली चुनखडीच्या आणि शेलच्या खडकांपासून. मूळ वेगळं, स्वभाव एकच. इथेही तिच्यावर कापूसच पिकायचा. जुने लोक तिला 'ब्लॅक वॅक्सी' म्हणायचे, कारण पावसात ती बुटाला मेणासारखी चिकटते. म्हणजे परभणीहून निघून, विमानाचं तिकीट काढून, व्हिसाच्या रांगा लावून मी पुन्हा काळीवरच घर घेतलं होतं. तेही स्वतःच्या पसंतीने.

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. पायाचं पहिलं काम म्हणजे वजन पसरवणं. चिखलात पाय रुतू नये म्हणून आपण फळी टाकतो, फूटिंग म्हणजे ती फळी. समजा एका कॉलमवर ३० टन वजन आहे. फूटिंगच्या स्वतःच्या वजनासाठी दहा टक्के धरले की ३३ टन. माती दर चौरस मीटरला १५ टन सुरक्षितपणे पेलत असेल तर ३३ भागिले १५, म्हणजे २.२ चौरस मीटर जागा हवी. दीड बाय दीड मीटरचं फूटिंग झालं. खाली चांगला मुरूम असेल आणि तो २५ टन पेलत असेल, तर तेच काम सव्वा बाय सव्वा मीटरमध्ये आरामात होतं. सळया किती, जाडी किती हा पुढचा हिशोब इंजिनिअरचा, पण मूळ विचार एवढाच आहे.

आम्ही आयटीवाले याला लोड टेस्टिंग म्हणतो आणि पास झालं की रिलीज करून मोकळे होतो. काळीच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते. मे महिन्यातली वाळलेली काळी दगडासारखी कडक असते. वजनाच्या परीक्षेत ती फर्स्ट क्लास पास होते. आमचं परभणीचं घर वजनाने खचलं नव्हतंच. इथली एकमजली लाकडी सांगाड्याची घरं तर इतकी हलकी असतात की काँक्रीटच्या स्लॅबसकट सगळं वजन सरासरी दर चौरस फुटाला दीड-दोनशे पौंडांच्या आसपास भरतं. फुगणाऱ्या मातीचा दाब कित्येक हजार पौंडांवर जाऊ शकतो. घर मातीला दाबत नाही हो, माती घराला उचलते.

बरं, सगळं घर एकसारखं वर गेलं आणि एकसारखं खाली आलं असतं तर आपल्याला पत्ताही लागला नसता. तसं होत नाही. घराच्या मधोमध माती झाकलेली असते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती उन्हात वाळते, पावसात भिजते. उन्हाळ्यात कडा खाली बसतात आणि घर पालथ्या परातीवर ठेवल्यासारखं होतं. पावसाळ्यात कडा फुगतात आणि परात उताणी होते. त्यात एका बाजूला झाड पाणी ओढत असेल आणि दुसऱ्या बाजूला नळ गळत असेल तर विचारूच नका. भिंतींना ही कसरत झेपत नाही.

यावर माणसाने तीन प्रकारचे उपाय शोधले. पहिला आमच्या मिस्त्रींचा. जी माती हलते तिच्या खाली जायचं. मुरूम फार खोल असेल तर रुडकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने प्रचारात आणलेला अंडर-रीम्ड पाइल वापरतात. साधारण साडेतीन मीटर खोल भोक, तळाशी ते खोडाच्या अडीचपट रुंद करायचं, मग सळया आणि काँक्रीट. मातीत लोटा रुतवून ठेवावा तसा आकार होतो, त्यामुळे वरची माती खांबाला उचलू लागली तरी तो सुटून येत नाही. दुसरा उपाय मातीच बदलण्याचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं काम करून दाखवलं की न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर थर मध्ये घातला तर खालच्या काळीचं फुगणं आटोक्यात राहतं. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामाला चालतो. म्हणजे मुरुमापर्यंत जाता येत नसेल तर मुरूम आपल्याकडे आणायचा. (शिकागोच्या माझ्या मावसभावाला हे प्रश्नच नाहीत. तिथे थंडीत जमीन गोठते म्हणून पाया किमान ४२ इंच खाली न्यावाच लागतो. एवढं खणलंच आहे तर बेसमेंट करू, असं त्यांचं असतं. त्याच्या बेसमेंटमध्ये टेबल टेनिस आहे. आमच्याकडे तडा.)

तिसरा उपाय आपल्या इथल्या घरांचा, तो म्हणजे होडी. हलणारी माती इथे दहा-पंधरा फूट खोल असू शकते. प्रत्येक घरासाठी तेवढं खाली जाणं बिल्डरला परवडत नाही. मग तो घरालाच एका ताठ स्लॅबवर बसवतो. चार-पाच इंच जाडीचा स्लॅब आणि त्याच्या खालच्या अंगाला जाळीसारखे उभे-आडवे बीम, दोन-अडीच फूट खोल. स्लॅबमध्ये अर्ध्या इंचाच्या पोलादी केबल्स घातलेल्या असतात, सात तारा पिळून केलेल्या, प्लॅस्टिकच्या आवरणात ग्रीस लावलेल्या. काँक्रीट ओतून काही दिवस झाले की जॅक लावून प्रत्येक केबल सुमारे ३३,००० पौंडांनी ताणतात आणि टोकांना पाचर मारतात. शिवताना दोरा ओढून गाठ मारली की कापड घट्ट बसतं, तसा सगळा स्लॅब आवळला जातो. म्हणूनच तुमच्या गॅरेजच्या जमिनीवर 'पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब, कापू नका, भोक पाडू नका' असा शिक्का असतो. नवीन बाथरूम काढायला कोणी स्लॅब फोडायला निघालं तर आधी केबल कुठे आहेत ते शोधून घ्या. ताणलेली केबल तुटली तर जीवावर बेतू शकतं.

होडी लाटेवर हलणारच. ती मोडू नये एवढी ताठ असावी, आणि लाटा फार उठू नयेत ही काळजी मालकाने घ्यावी, असा हा करार आहे. घर घेताना साठ-सत्तर ठिकाणी सह्या केल्या. हा करार कोणी समजावून सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

सप्टेंबरात फाउंडेशन दुरुस्तीवाल्या एका कंपनीचा माणूस 'फ्री इन्स्पेक्शन'साठी आला. चाळीस मिनिटं फिरला. टॅबलेटवर घराचा लाल-पिवळा नकाशा दाखवला आणि म्हणाला, बावीस ठिकाणी पियर घालावे लागतील, एकोणीस हजार डॉलर, आज सही केलीत तर दहा टक्के सूट. घराचा विमा? साधारण पॉलिसीत मातीच्या हालचालीचं नुकसान धरत नाहीत. मी सही करायच्या अगदी बेतात होतो. लेक वरच्या खोलीत झोपते आणि खाली भिंत फाटलेली, अशा वेळी माणूस हिशोब करत नाही.

सही लांबली ती केवळ आईबाबा दसऱ्याच्या सुमारास येणार होते म्हणून. बाबा आले, जेटलॅगमध्येच अंगणात गेले, घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. नैर्ऋत्येला बिल्डरने लावलेला ओक, भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर, आता छताच्या वर गेलेला. पूर्वेला मी हौसेने केलेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा, थेट भिंतीला लागून, रोज संध्याकाळी पाणी. बाबा मला म्हणाले, "तुझ्या आईचं अळू इकडे कोणी आणलं?"

परभणीच्या घरात स्वयंपाकघराच्या मागे मोरीचं पाणी अळूच्या आळ्यात सोडलेलं होतं. समोरच्या कोपऱ्यात कडुनिंब. एक कोपरा कायम ओला, दुसरा झाडाने शोषलेला. हुबेहूब तोच नकाशा मी हजारो मैलांवर काढून ठेवला होता.

मग मी स्वतःच्या खर्चाने एक स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, जो दुरुस्ती विकत नाही, फक्त अहवाल देतो. साताठशे डॉलर गेले. त्याने घरभर लेव्हल घेतल्या. कोपरा आणि मध्य यांत दीड इंचाचा फरक निघाला. माझा चेहरा पडला. तेव्हा त्याने समजावलं की नुसता फरक बघायचा नसतो, घर एकसंध कललंय की मोडल्यासारखं वाकलंय ते बघायचं. इथल्या इंजिनिअर मंडळींचा ढोबळ मापदंड असा आहे की वाक लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नसावा. ३० फूट म्हणजे ३६० इंच, म्हणजे तेवढ्या लांबीत एक इंच. कल एक टक्क्याच्या आत असावा. आमचं घर दोन्हींत बसत होतं. तो म्हणाला, पियर आत्ता नकोत. ओलावा सारखा करा, एक वर्ष दर ऋतूत मोजा, मग बोलू.

बाबांनी त्याला आपल्या इंग्रजीत विचारलं, "क्रॅक इन सॉइल, हाऊ डीप गोज?" तो माणूस खूश झाला. दोघं अर्धा तास अंगणात उकिडवे बसून मातीची ढेकळं हातात चुरत होते. मी दुभाषा, आणि दोघांनाही माझी फारशी गरज नव्हती.

त्या रात्री जेवणानंतर बाबा आपणहून बोलले. "ते अठरा हजार होते माझ्याकडे. तुझ्या आत्याच्या लग्नाला ठेवले होते." एवढंच. मी तीस वर्षं समजत होतो की पैसेच नव्हते. आत्याचं लग्न १९९५ च्या मे महिन्यात झालं, आमच्याच अंगणात.

ओकच्या आणि घराच्या मध्ये मुळांना अडवणारा पडदा घातला. पूर्वेचा वाफा उचलून कुंपणापाशी नेला. पन्हळी बसवल्या आणि त्यांचे पाइप भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे काढले. जमिनीचा उतार सुधारला. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार घरापासून बाहेर हवा, इथला बिल्डिंग कोडच तसं सांगतो. आमच्याकडे एका बाजूला तो उलटा होता. भिंतीपासून दीड फुटावर चारही बाजूंनी झिरपणारी नळी टाकली, टायमर लावून. फटीत सरळ होज सोडायचा मोह होतो, तो टाळा. पाणी फटीतून थेट खाली जातं आणि एकाच जागी माती फुगते. आपापल्या शहराचे पाण्याचे नियमही बघून घ्या. सगळा खर्च पाच हजारांच्या आत झाला. एप्रिल २०२४ मध्ये दार लागू लागलं. तिरकी रेघ अजून आहे, पण नख आत जात नाही.

याचा अर्थ पियर कधीच लागत नाहीत असं कृपया समजू नका. आपल्यातल्याच एका कुटुंबाच्या घराखाली सांडपाण्याचा पाइप फुटलेला होता. दोन वर्षं पाणी मुरत होतं, घर खरोखर मोडलं होतं. त्यांना पियर घालावेच लागले, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी आधी पाइपची गळती चाचणी करून घेतली. ती न करता पियर घातले असते तर पैसे आणि पाणी दोन्ही मातीत गेलं असतं. माझा राग पियरवर नाही. जो औषध विकतो त्यानेच फुकट तपासावं, यावर आहे.

२०२४ च्या डिसेंबरात परभणीला गेलो. घराभोवती सहा फुटी फरशीचा पट्टा केला, खाली मुरूम ठोकून, उतार बाहेर. मोरीचं पाणी पाइपने नालीला जोडलं. आईने अळू कंपाउंडच्या भिंतीपाशी हलवू दिलं, बऱ्याच वाटाघाटींनंतर. कडुनिंबाला बाबांनी हात लावू दिला नाही. मी काही बोललो नाही. चार आण्याचं नाणं २०११ साली चलनातून गेलं, पण बाबांनी एक जपून ठेवलंय. यंदा मे महिन्यात त्यांनी फोनवर सांगितलं की अर्धंच जातंय.

मी घेतलेलं लेव्हल मोजायचं यंत्र आज गाडीत आणलंय. ज्यांना हवंय त्यांनी चहाच्या वेळी नाव लिहून द्या. शनिवारी सकाळी येईन. एका घराला दीड तास लागतो, गालिचा आणि टाइलच्या जाडीतला फरक वजा करावा लागतो, त्यासाठी कोणीतरी वहीत आकडे लिहायला हवं. आणि ज्यांच्या भिंतीला लागून मेथीचा वाफा आहे, त्यांनी मी यायच्या आधीच तो हलवला तरी चालेल.